पाणी चढायच्या आधी: अजाइल टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

जुलैत पश्चिमेकडे पावसाने जोर धरला की सांगलीत फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कोयनेतून किती सोडलं, वारणा कशी आहे, अलमट्टीतून विसर्ग किती, ही सगळी चौकशी त्या एका आकड्यासाठी चाललेली असते. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हापासून नदीकाठची माणसं नुसता आकडा ऐकून बसत नाहीत. कुठल्या फुटाला गाडी वरच्या गल्लीत लावायची, कुठल्या फुटाला धान्य माळ्यावर चढवायचं, कुठल्या फुटाला म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचवायचं, हे घराघरात आधीच ठरलेलं असतं.

मी सांगलीच्या विश्रामबागेत आठ जणांच्या सॉफ्टवेअर टीमबरोबर काम करते. दर वर्षी वालचंद कॉलेजातून, साखराळ्याच्या कॉलेजातून नवी मुलंमुली येतात. कोड चांगला लिहितात, पण "हे काम अडकेल असं वाटतंय" हे कुणाला, कधी आणि कसं सांगायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय. पाणी कुठवर आलंय ते रोज मोजायचं आणि कुठल्या आकड्याला काय करायचं ते पाणी खाली असतानाच ठरवायचं, एवढंच मला त्यांना सांगायचंय. ते टीममध्ये प्रत्यक्षात कसं करायचं, ते आता बघू.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

जोखीम, अनिश्चितता आणि अडचण. नवी मुलं तिन्हींना "प्रॉब्लेम" म्हणतात आणि तिथेच गल्लत होते.

अडचण म्हणजे जे आज घडलेलं आहे. टेस्ट सर्व्हर सकाळपासून बंद आहे, ही अडचण. तिची नोंद करत बसू नका, ती आजच सोडवा.

जोखीम म्हणजे काय बिघडू शकतं ते माहीत आहे, पण बिघडेलच असं नाही. प्रिंटर वेळेत आला नाही तर? यावर आधी तोड काढून ठेवता येते.

अनिश्चितता याहून अवघड. तिथे नेमकं काय बिघडेल तेही माहीत नसतं, कधी कधी विचारायचा प्रश्नसुद्धा सापडलेला नसतो. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये हा फरक मांडला: जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. आपल्या कामात याचा उपयोग असा, की जोखमीला पर्यायी बेत लागतो आणि अनिश्चिततेला छोटा प्रयोग. ज्या गोष्टीबद्दल काहीच माहीत नाही तिच्यासाठी चार पानी बेत लिहिणं म्हणजे वेळ घालवणं.

अजाइल म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करत, दाखवत, सुधारत जायची पद्धत. तिचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत उटाहमधल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांनी लिहिला. त्यामागची चीड हीच होती, की वर्षभर कागदावर बेत करायचे आणि शेवटी कळायचं की भलतंच बांधलंय. स्क्रम या अजाइलच्या प्रकारात कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात; तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो, बहुतेक टीम दोन आठवड्यांचा धरतात. दिशा चुकली तरी नुकसान दोन आठवड्यांचं होतं. स्प्रिंटकडे असं बघा, म्हणजे शुक्रवारच्या डेमोची, म्हणजे झालेलं काम दाखवण्याची, किंमत कळेल.

आता उदाहरण एकच घेते आणि शेवटपर्यंत तेच धरते. आम्ही मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानाचं काम घेतलं होतं. सौदा झाला की पोती काट्यावर चढतात, वजन होतं, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, पडते. तोवर हे सगळं कार्बन कागदाच्या वहीत चालायचं. ते संगणकावर आणायचं होतं, आणि तेही फेब्रुवारी-मार्चात आवक वाढायच्या आत. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेली हळद आपल्या स्प्रिंटसाठी थांबत नाही.

पायरी १: काम बुडालंय असं समजून बसा

पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं काढा. सगळ्यांना सांगा: "एप्रिल उजाडलाय. आपलं काम फसलंय, शेठ पुन्हा वहीवर गेलेत. का फसलं ते लिहा." मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही पद्धत, इंग्रजीत तिला प्रीमॉर्टम म्हणतात. "काय बिघडू शकतं?" असं विचारलं की माणसं शिष्टाचाराने गप्प बसतात. "बिघडलंय, कारण सांगा" म्हटलं की तीच माणसं बोलायला लागतात.

दोन नियम मात्र पाळा. आधी प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचं, बोलायचं नंतर. आणि वाचायची सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून करायची. सिनियर आधी बोलले की बाकीच्यांचे कागद आपोआप दुमडले जातात.

आमच्याकडे तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी लागलेला एक मुलगा होता. त्याच्या कागदावर एकच ओळ होती: "काट्याचं वजन केबलने संगणकात येतं असं सगळे म्हणतात, पण आपल्यापैकी कुणी बघितलेलं नाही." खोली शांत झाली. खरंच कुणी बघितलं नव्हतं.

पायरी २: वाक्य पूर्ण लिहा

"इंटिग्रेशन रिस्क" असं बोर्डावर लिहून काहीच होत नाही. ते वाचून कुणी उठून काही करणार नाही. कारण, घटना आणि फटका हे तिन्ही एका वाक्यात आले पाहिजेत. आमचं वाक्य असं झालं: "दुकानातला काटा जुना आहे, त्यामुळे त्याचं वजन आपल्या प्रोग्रॅमला वाचता आलं नाही, तर ते हाताने टाकावं लागेल आणि सौद्याच्या दिवशी पट्टीसाठी शेतकरी खोळंबतील."

यात तीन ठिकाणी हात घालता येतो. काटा बदलता येईल. वाचण्याची दुसरी युक्ती शोधता येईल. किंवा हाताने टाकायचा स्क्रीन इतका सोपा करता येईल की खोळंबा होणारच नाही. अर्धवट वाक्यात या वाटा दिसतच नाहीत.

पायरी ३: तोलून बघा, पण आकड्याला भुलू नका

शक्यता गुणिले फटका, हा साधा हिशेब आहे. प्रिंटर उशिरा यायची शक्यता ३० टक्के आणि तसं झालं तर दहा दिवस वाया, म्हणजे तीन दिवसांची जोखीम. अशी यादी लावली की वरच्या चार-पाच गोष्टी चटकन दिसतात. पहिल्या फेरीला "जास्त, मध्यम, कमी" एवढ्यावरही भागतं.

दोन ठिकाणी मात्र हा हिशेब फसवतो. पहिलं, क्वचित घडणारी पण घडली तर सगळं घेऊन जाणारी गोष्ट. हंगामातला सगळा डेटा उडण्याची शक्यता दोन टक्के धरली तर गुणाकार लहान येतो आणि ती ओळ यादीत तळाला जाते. तिला तळाला ठेवू नका. बॅकअप घ्या आणि तो परत उतरवूनही बघा. न उतरवलेला बॅकअप धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, साखळी. तुमचं काम पाच जणांवर अवलंबून आहे आणि प्रत्येक जण वेळेत देण्याची खात्री ८० टक्के आहे. ऐकायला चांगलं वाटतं. पण पाचही जण वेळेत देण्याची शक्यता ०.८ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे जेमतेम ३३ टक्के. हे गणित मी प्रत्येक नव्या माणसाला फळ्यावर करून दाखवते. त्यानंतर "सगळे देतो म्हणालेत" हे वाक्य त्यांच्या तोंडून सहसा येत नाही. साखळी तोडा: दोन कामं एकमेकांवर टेकलेली असतील तर मध्ये खोटा डेटा घालून ती वेगळी चालवा.

पायरी ४: सगळ्यात मोठं अज्ञान आधी फोडा

नवीन टीम उलटं करते. लॉगिन स्क्रीन आधी, रंगसंगती आधी, कारण ते येतं. अवघड काम शेवटच्या स्प्रिंटला, जेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. मी बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, लावताना विचारते: यातलं कुठलं काम चुकलं तर बाकीचं सगळं फुकट जाईल? ते वर घ्या.

त्यासाठी स्पाइक करायचा. हा शब्द एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून आला. एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी मोजून दिलेला वेळ, एवढाच त्याचा अर्थ. आमचा प्रश्न होता: "या काट्याचं वजन आपल्याला विश्वासाने वाचता येतं का?" वेळ दोन दिवस. तो मुलगा आणि मी लॅपटॉप, सिरियल केबल आणि यूएसबीचा जोड घेऊन दुकानात गेलो.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर नुसता कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं. काट्याची पुस्तिका कधीच हरवलेली. काट्याकडून डेटा यायचा वेग ९६०० लावून बघितला, मग ४८००, मग २४००, आणि २४०० ला एकदम आकडे उमटले. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. पोतं काट्यावर ठेवलं की आकडा नाचायचा: ५०.६, ४९.८, ५०.३. यातला धरायचा कुठला? आम्ही सरासरी काढायच्या गप्पा मारत होतो. शेजारी उभे असलेले हमाल मामा ऐकत होते. ते म्हणाले, "पोरी, पोतं टेकल्यावर मी हात काढतो. हात काढल्याबिगर वजन धरायचं नसतंय." सलग आठ वेळा तोच आकडा आला तरच वजन पक्कं धरायचं, असा नियम आम्ही तिथल्या तिथे लिहिला. मग मामांनीच विचारलं, "आणि बारदान कुठं वजा करताय?" रिकाम्या पोत्याचं वजन! आमच्या एकाही स्टोरीत, म्हणजे कामाच्या छोट्या तुकड्यात, ते नव्हतं. प्रत्येक पोत्यामागे हिशेब चुकला असता आणि पहिल्याच आठवड्यात दुकानात भांडणं लागली असती.

"काटा जोडणे" या एका स्टोरीच्या तीन झाल्या, आणि ते दुसऱ्याच स्प्रिंटला कळलं. स्पाइकचा कोड आम्ही टाकून दिला. तो ठेवायचा मोह आवरा, कारण घाईत लिहिलेला असतो. उत्तर तेवढं लिहून सगळ्या टीमला सांगा. उत्तर "नाही" आलं तरी स्पाइक यशस्वीच धरायचा.

इथेच एक पोटकलम. "हा भाग जुन्या प्रोजेक्टमधून घेऊ, तो चाललेला कोड आहे" हे वाक्य ऐकलं की थांबा. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुटल्यावर ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतलेला कोड त्याला कारण झाला. नव्या रॉकेटच्या वेगामुळे एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. आम्ही गुळाच्या दुकानासाठी केलेलं बिलिंग हळदीला लावणार होतो. गुळाचा क्विंटलचा भाव चार आकड्यांत बसायचा, म्हणून रकाना चार आकडी होता. हळदीचा भाव पाच आकड्यांत जातो. हे टेस्टरने पकडलं, कारण तिने जुन्या भागासाठीही नवीन तपासणी लिहिली होती.

पायरी ५: खूण, माणूस, कृती

माझ्या पहिल्या नोकरीत प्रोजेक्टच्या सुरुवातीला चाळीस ओळींचा रिस्क रजिस्टर, म्हणजे जोखमींची यादी, बनवला होता. लाल-पिवळा-हिरवा, देखणा. सतरावी ओळ होती: "रिलीज (नवा कोड वापरणाऱ्यांसाठी सुरू करणं) कसं करायचं ते एकाच माणसाला माहीत आहे." रिलीजच्या आठवड्यात त्या माणसाला डेंग्यू झाला. आम्ही तीन रात्री जागलो. सगळं संपल्यावर कुणीतरी ती फाइल उघडली, तेव्हा कळलं की सुरुवातीनंतर ती कुणीच उघडलेली नव्हती. जोखीम लिहिलेली होती. ती कधी गंभीर धरायची, कुणी बघायची आणि काय करायचं, हे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या बोर्डावर प्रत्येक जोखमीच्या चिठ्ठीला तीन गोष्टी असतातच. खूण: दिसू शकेल, मोजता येईल अशी. एकाच माणसाचं नाव. "टीम बघेल" म्हणजे कुणीच बघणार नाही. आणि खूण दिसताच करायची कृती, पुन्हा चर्चा न करता. आमची प्रिंटरची चिठ्ठी अशी होती: "१० फेब्रुवारीला दुपारी बारापर्यंत प्रिंटर दुकानात नसेल तर दुसऱ्या दुकानातून साधा लेझर घ्यायचा; बघणारी टेस्टर; पैसे मंजूर आहेत." पैसे आधी मंजूर करून घेणं फार महत्त्वाचं. नाहीतर खूण दिसते आणि सही अडते.

काही जोखमी पत्कराव्या लागतात. पत्करा, पण तसं लिहा आणि प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कुठलं काम आधी ते ठरवणाऱ्याला, दाखवा. आम्ही जुन्या विंडोजवरचा एक संगणक तसाच चालू द्यायचं पत्करलं, कारण हंगाम तोंडावर होता. चिठ्ठीवर कारण आणि पुन्हा बघायची तारीख होती.

एकाच माणसाला माहीत असलेल्या गोष्टींवर उपाय सोपा आहे: पुढचं रिलीज त्या माणसाने हात न लावता, शेजारी बसून, दुसऱ्याकडून करून घ्यायचं. एकदा केलं की पुरतं.

पायरी ६: पाणीपातळीची पट्टी रोज वाचा

स्टँडअप म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, १५ मिनिटांची. नव्या मुलांना वाटतं तिथे हजेरी द्यायची असते. खरं तर पाणी किती फुटांवर आलं ते तिथे वाचायचं असतं. एखादी स्टोरी बोर्डावर तीन दिवस एकाच रकान्यात असेल तर ती खूण समजा आणि त्याच दिवशी दोघांनी मिळून बसा.

आपल्याकडे काही वाक्यं फार गोड आणि फार घातक आहेत. "होऊन जाईल." "झालंच जवळजवळ." "करतो की." मोठ्यांना नाही कसं म्हणायचं, या संकोचातून ती येतात, मला ते कळतं. त्याऐवजी हे वाक्य पाठ करा: "इतकं झालंय, इथे अडलंय, उद्या चारपर्यंत सुटलं नाही तर मला अमुकची मदत लागेल." पहिल्यांदा म्हणताना जड जातं, चौथ्यांदा जात नाही. आणि टीम लीडना हात जोडून सांगते, वाईट बातमी घेऊन आलेल्या पोराला त्या क्षणी काही बोलू नका. एकदा खेकसलात की पुढची बातमी तुम्हाला क्लायंटकडून कळेल.

रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर मागे वळून बघायच्या बैठकीत, जोखमींच्या चिठ्ठ्या पाच मिनिटं तरी बघा. मिटलेल्या काढा, नव्या लावा. बोर्डावर दहा-बाराच्या वर चिठ्ठ्या झाल्या की कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव.

पायरी ७: तारीख सांगताना पट्टा सांगा

बॅरी बोहम यांनी १९८१ मध्येच मांडून ठेवलंय, की कामाच्या अगदी सुरुवातीला केलेला अंदाज चौपट कमी किंवा चौपट जास्त निघू शकतो. काम पुढे जाईल तसा तो फरक आवळत येतो. म्हणून पहिल्या दिवशी एकच तारीख देऊ नका. आपल्याच मागच्या स्प्रिंटांकडे बघा. वाईट स्प्रिंटला १० स्टोऱ्या झाल्या, चांगल्याला १५, आणि उरल्यात ६०, तर उत्तर "चार ते सहा स्प्रिंट" असं द्या. दर स्प्रिंटनंतर हिशेब पुन्हा करा आणि बदललेला पट्टा स्वतःहून कळवा.

आमच्या शेठना हे पटवायला मला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला. ते म्हणाले, "ताई, भाव उद्या किती निघंल ते मीबी एक आकडा सांगत नाही." व्यापारी माणसाला अनिश्चितता समजावून सांगावी लागत नाही. आपणच एक तारीख देऊन त्याला खोट्या खात्रीची सवय लावतो.

पायरी ८: थोडं थोडं सोडा

तासगावकडचे बरेच द्राक्ष बागायतदार सगळी बाग एका दिवशी छाटत नाहीत. प्लॉट मागेपुढे छाटतात. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला, डावणी रोग पडला, तर एक प्लॉट सापडतो, बाकीचे वाचतात. रिलीजही असंच करा. आम्ही आधी एका काट्यावर, एका मुनीमजींकडे, आठवड्यातून एका सौद्याला सुरू केलं. नवीन भाग फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करायच्या खटक्यामागे, ठेवला, म्हणजे बिघडला तर कोड मागे न घेता तेवढाच बंद करता येतो. फ्लॅग बंद करून बघायची तालीमही केली, दुकान उघडायच्या आधी, सकाळी आठला.

आणि कार्बनची वही काढू दिली नाही. शेठ म्हणाले, आता कशाला? मी म्हटलं, हा हंगाम संपेपर्यंत राहू द्या, संगणकाशेजारीच. तिच्या पहिल्या पानावर आम्ही चार ओळी चिकटवल्या: पाच मिनिटांत चालू झालं नाही तर वहीवर पट्टी करा, क्रमांक वहीचाच घाला, नंतर टाकताना "वही" असा शिक्का निवडा, अडलं तर या नंबरला फोन. मार्चातल्या एका सकाळी ऐन सौद्यात वीज गेली आणि यूपीएस दहा मिनिटांत बसला. मुनीमजींनी कुणालाही फोन केला नाही. वही ओढली, पेन्सिल कानामागून काढली. वीज आल्यावर त्यांनी सतरा पट्ट्या वहीतून संगणकात चढवल्या आणि दुपारी मला फक्त एवढंच विचारलं, की शिक्क्याच्या यादीत "वही" सगळ्यात वर घेता येईल का. ती स्टोरी आम्ही पुढच्या स्प्रिंटला घेतली.